आबांनी विचारलंय

हाफ टाइम संपला तरी भोसले पंच खुर्चीवरून उठेनात. पोटरीत गोळा आला होता. पाय टेकवला की तोंड वाकडं व्हायचं, आणि दोघं जण बर्फ चोळत होते त्यांचाच त्यांना राग यायचा. इकडं स्टेडियम पेटलेलं. चिंचबाग तालीम विरुद्ध बुरूज तालीम, फुटबॉलची फायनल, शून्य-शून्य. कोल्हापुरात त्या दिवशी चहाच्या गाड्यासुद्धा बंद होत्या, गिऱ्हाईकच नव्हतं तर चहा पाजणार कुणाला!

"पंच आणा की कुणीतरी!" माझ्या शेजारची बाई जाळीला तोंड लावून ओरडली. "न्हाईतर मी येते शिट्टी घेऊन!"

बायकांची गॅलरी मैदानाच्या कोपऱ्यात होती, गोलाच्या रेषेला अगदी लागून. मी सगळ्यात खालच्या पायरीवर बसले होते. तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझा धाकटा भाऊ धैर्यशील, म्हणजे आमचा धैर्या, चिंचबागचा गोलकीपर होता. दोन वर्षं बाकड्यावर बसून पाणी पाजलं, तेव्हा कुठं यंदा त्याला गोलात उभं केलेलं. दुसऱ्या हाफला आमचाच गोल माझ्यासमोर येणार म्हणून मी सकाळपासून जागा धरून बसले होते, पोटात अन्नाचा कण नव्हता.

राखीव पंच होता एक, नवीन पोरगा. पण सेमी फायनलला चिंचबागच्या पोरांनी त्याला गेटपर्यंत पळवला होता. तो मैदानाकडं चार पावलं आला आणि अशी काय बोंब उठली की बिचारा तिथूनच माघारी फिरला. मग बुरूजचे कोच बबनराव सासने तरातरा चालत पाहुण्यांच्या मंडपाकडं गेले. मंडप आमच्या गॅलरीला खेटूनच, त्यामुळं मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"हिंदुराव इंगवल्यांना उतरवा," सासने म्हणाले.

हिंदुराव इंगवले म्हणजे आमचे आबा. बक्षीस समारंभाला जुने पंच मांडीला मांडी लावून बसवतात, तसे ते फेटा बांधून हाफ टाइमला नुकतेच येऊन बसले होते. पायात कोल्हापुरी चप्पल.

आबा उठून उभे राहिले. "बबनराव, माझा पोरगा गोलात हाय."

"ठावं हाय की."

"मी चिंचबागच्या मॅचला शिट्टी धरत न्हाई. तीन वर्षं झाली."

"आबा, आमच्या गोलात तुमचा पोरगा असता तर मी बोललोच नसतो. त्यांच्या गोलात हाय आणि आमची हरकत न्हाई. आता बाकीच्यांनी तोंड उघडायचं काय कारण?"

चिंचबागवाल्यांना काय, आनंदच. माना हलवल्या. भोसल्यांनी बसल्या बसल्या अंगातला काळा शर्ट काढून दिला, बूटही दिले. शर्ट आबांच्या पोटावर ताणून बसला आणि बूट झाले मोठे. शिट्टी मात्र त्यांची स्वतःचीच, ती कायम खिशात असायची, लग्नाला जातानासुद्धा.

आबांची एक रीत होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पंचाला चार डोळे नसतात. धुळीत, गर्दीत एखादी गोष्ट दिसत नाही. तसं झालं की दुसरे पंच दडपून निकाल देतात. आबा देत नसत. ते सरळ त्या खेळाडूजवळ जायचे, शिट्टी मुठीत धरून हात पाठीमागं घ्यायचे आणि हळू आवाजात विचारायचे, "खरं बोल. लागला का हात?" खेळाडू जे म्हणेल तो निकाल. लागला म्हणाला तर लागला, नाही म्हणाला तर नाही. मागं कुणी कितीही नाचू दे, आबा दुसऱ्या कुणाला विचारायचे नाहीत आणि निकाल फिरवायचे नाहीत. बाहेरगावच्या पंचांना हे ऐकून हसू यायचं. पण आमच्याकडं पेठापेठांत वैर असलं तरी या एका गोष्टीला सगळ्यांची मान्यता होती. एकदा एक सेंटर फॉरवर्ड आबांशी खोटं बोलला, मॅच जिंकली. त्याच्याच तालमीतल्या पोरांनी पुढं वर्षभर त्याला चहाला हाक मारली नाही. "आबांनी विचारलंय," असं कुणी म्हणालं की आख्खं स्टेडियम गप्प व्हायचं, मग ते उत्तर कुणाच्याही गळ्यात पडू दे.

आणि या माणसानं स्वतःच्या पोराला एकदाही खेळताना बघितलं नव्हतं. चिंचबागची मॅच असली की ते घरी थांबायचे. पंच कुठल्या गॅलरीत बसला हे लोकांना दिसू नये म्हणायचे. आमचं घर स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर. ओरडा झाला की आबा बुटांना तेल लावता लावता थांबायचे आणि आईला विचारायचे, "आपल्या बाजूचा हाय का गं हा आवाज?" आई म्हणायची, "मला काय ठावं! जावा की बघायला." ते काही जायचे नाहीत.

म्हणजे त्या दिवशी आबांनी धैर्याला पहिल्यांदा गोलात उभं असलेलं बघितलं. मैदानात उतरताना ते गोलाजवळून गेले. धैर्या हातमोजे घट्ट करत होता. दोघंही एकमेकांकडं बघून हसले नाहीत, पण आबा पुढं जाऊन एकदा मागं वळले. मला लई भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू. वाटलं, आता तरी बघा म्हणावं तुमचा पोरगा कसा उडतोय ते.

आणि उडलाच की तो! एक बॉल बोटाच्या टोकानं बारवरून घालवला, एक दोघांच्या पायातून उचलला. चिंचबागवाले "धैर्या, धैर्या" करून घसा फोडून घेत होते. आबांचा चेहरा दगडाचा. पण माझा बाप होता तो, मला कळत होतं. धैर्यानं बॉल अडवला की आबांचा डावा हात पँटीच्या शिवणीवर दोनदा आपटायचा.

मॅच संपत आली होती. चिंचबागला पलीकडच्या टोकाला कॉर्नर मिळाला आणि आमची सगळी पोरं तिकडं चढली. आबाही तिकडंच. तो कॉर्नर बुरूजवाल्यांनी असा काही लांब मारला की बॉल पडला थेट निहाल शिकलगारच्या पुढ्यात. निहाल म्हणजे बुरूजचा वाघ. पुढं फक्त मोकळं मैदान आणि धैर्या. आबा मागून पळत होते, पण मोठ्या बुटांत पाय घसरत होते, निम्म्या मैदानापर्यंतसुद्धा ते पोचले नव्हते. निहालनं बॉक्सच्या तोंडावरून मारला. बॉल बारच्या खालच्या अंगाला लागून सरळ खाली आदळला आणि धैर्यानं मागं झेप घेऊन तो छातीशी कवटाळला.

नेमका त्याच वेळी कुणा गाढवानं गॅलरीतून सुतळी बॉम्ब फेकला. तो फुटला लाईन्समन पोवारांच्या पायाशी. पोवार कानावर हात धरून खालीच बसले, झेंडा पडला, धूर झाला.

"गोल! गोल!" बुरूजची पोरं हात वर करून पळत आली. "आत पडलाय!"

"कुठला आत? रेषेवर हाय!" आमची पोरं धावली.

ढकलाढकली सुरू झाली. आबा धापा टाकत आले. आधी पोवारांकडं बघितलं. पोवारांनी मान हलवली, दिसलं नाही. आबांनी एकदा निहालकडं, एकदा रेषेकडं बघितलं. मग धैर्यासमोर जाऊन मुठीत शिट्टी धरली आणि हात पाठीमागं घेतला.

कुणीतरी म्हातारा ओरडला, "गप बसा रं! आबा विचारालेत!"

एवढं मोठं स्टेडियम, पण माझ्या शेजारच्या बाईच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या. धैर्या बॉल छातीशी धरून उभा होता. गुडघ्यातून रक्त येत होतं.

"खरं बोल," आबा म्हणाले. आवाज नेहमीचाच, ना चढा ना उतरलेला. "बॉल आत हुता का?"

मागं निहाल, सासने, बुरूजची सगळी पोरं श्वास धरून उभी.

"हुता," धैर्या म्हणाला. "आत हुता."

आबांनी त्याच्याकडं बघितलं. मला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ बघितलं. मग शिट्टी तोंडात घातली, वाजवली, आणि उजवा हात लांब करून मैदानाच्या मधल्या वर्तुळाकडं दाखवला. गोल.

चिंचबाग एक गोलनं हरली.

पुढचं काय सांगायचं? बुरूजवाल्यांनी गुलाल उधळला आणि आमच्या लोकांनी चपला. "पोराचा बळी देऊन हरिश्चंद्र झालाय बघा," असं आबांना तोंडावर म्हणाले. धैर्याला तर नको नको ते बोलले. चिंचबागचा कॅप्टन त्याच्या अंगावर थुंकला, मी या डोळ्यांनी बघितलं. आबांनी भोसल्यांचा शर्ट घडी घालून परत दिला, फेटा खुर्चीवर ठेवला आणि बक्षीस समारंभाला न थांबता घरी आले.

संध्याकाळी धैर्या घरामागच्या परड्यात दगडावर बसून गुडघा धूत होता. मी हळदीची वाटी घेऊन गेले आणि आधी मागचं दार ओढून घेतलं.

"काय रं केलंस हे?"

"काय केलं?"

"माझ्याशी नाटक करू नको. मी रेषेवर बसले हुते, धैर्या. बॉल आत नव्हता. निम्मासुद्धा आत नव्हता!"

त्यानं तांब्या खाली ठेवला आणि घराकडं बघितलं. आत आबा पाट सरकवत होते त्याचा आवाज येत होता.

"हळू बोल," तो म्हणाला.

"का हळू बोलू? तीन वर्षं राबलास, आख्खी पेठ तुझ्या तोंडाला काळं फासालीय, आणि तू…"

"उज्जी, त्यांनी मला विचारलं. सगळ्यांसमोर. मी न्हाई म्हणालो असतो आणि आबांनी ते मानलं असतं, तर काय झालं असतं? बाप-लेकानं मिळून मॅच खाल्ली. उद्यापासून कुठल्या पेठेत ते तोंड दाखवणार हुते? आयुष्यभर ज्याला त्याला विचारत फिरले, लोकांनी त्यांचं मानलं, ते सगळं एका बॉलसाठी मातीत गेलं असतं."

"पण खरं हुतं की ते!"

"खरं असून काय उपयोग! माझ्या तोंडातून खरं निघालं तरी ते खोटंच दिसलं असतं." मग तो हसला, वेडा. "माझं काय गं? पुढल्या वर्षी खेळीन की परत. तू फक्त तोंड बंद ठेव. आईची शपथ घे."

मी शपथ घेतली. अजून जीभ चावावी वाटते.

पुढलं वर्ष आलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धैर्याची बॅग, बूट, हातमोजे आमच्या दारातल्या गटारीत पडले होते. तालमीची पायरी त्याला बंद झाली. दुसऱ्या तालमी म्हणायच्या, पोरगा भला आहे, पण असला गोलकीपर आम्हाला परवडायचा नाही. तो महिनाभर अंगणात भिंतीवर बॉल मारत बसला आणि एक दिवस चाकणला कंपनीत लागला तो लागलाच. दिवाळीला यायचा. स्टेडियमच्या रस्त्यानं न येता मागच्या बोळानं यायचा.

आबांनी त्या दिवसानंतर शिट्टी धरली नाही. पोरं बोलवायला आली की गुडघा दुखतोय म्हणायचे. ठणठणीत गुडघा होता! बुरूजवाले शाल-नारळ घेऊन आले तर आबा मागच्या दारानं निघून गेले. कुणी म्हणालं, "आबा, काय पोरगं काढलंय तुम्ही! भर फायनलला खरं बोललं," की ते उठून आत जायचे. आम्हाला वाटायचं, लाजतात.

आणि एक गोष्ट माझ्या लक्षात यायला तर कितीतरी वर्षं गेली. आबा धैर्याला काही विचारायचेच नाहीत. इतकी साधी गोष्ट, पण नाही म्हणजे नाही. "जेवलास का?" असं कधी नाही, "जेवून घे." "कधी आलास?" नाही, "आलास, बस." त्याचं लग्न ठरवायचं होतं तेव्हा पोरगी पसंत आहे का हे त्यांनी आईकडून विचारून घेतलं. समोरासमोर बसलेले असले तरी. मी एकदा चिडून म्हणाले, "आबा, तो काय परका हाय का? विचारा की त्याला!" तर ते माझ्याकडं असं बघत राहिले की मी परत भाकरी थापायला लागले.

आई गेली. माझं लग्न झालं, मी चटणी कांडपाची गिरण टाकली, केस पांढरे झाले. आबांची छाती भरून येऊ लागली तेव्हा गिरण बंद ठेवून मी दवाखान्यात त्यांच्याजवळ बसले. धैर्याला फोन केला. तो निघाला होता, कराडजवळ आला होता.

दुपारची वेळ. खिडकीतून शाळेच्या पोरांचा खेळताना दंगा ऐकू येत होता. आबांनी डोळे उघडले.

"फुटबॉल हाय व्हय गं?"

"व्हय आबा. बारकी पोरं हायत."

ते थोडा वेळ ऐकत पडले. मग म्हणाले, "उज्जे, मी लई पोरांना विचारलं. लई. खरं बोलणारं पोरगं डोळ्याला डोळा देतंय. खोटं बोलणारं माझ्या पाठीमागच्या हाताकडं बघतंय, शिट्टी वाजायची वाट बघत." त्यांना दम लागला. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातानं बाजूला केलं. "आपला धैर्या हाताकडं बघत हुता."

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मग… मग गोल कशाला दिलासा, आबा?"

"विचारलं हुतं नव्हं मी. विचारल्यावर मानायचं. आख्ख्या जन्मात कुणाचं मोडलं न्हाई, आणि स्वतःच्या पोराचं कसं मोडू? आणि काय म्हणू लोकांना? माझा पोरगा माझ्यापायी खोटं बोलालाय म्हणू?" त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर गेलं. आबांना रडताना मी आई गेली तेव्हासुद्धा बघितलं नव्हतं. "चूक विचारण्यातच हुती गं. दुसऱ्याच्या पोरांना हुता म्हणायची बी मुभा हुती आणि नव्हता म्हणायची बी. माझ्या पोराला एकच उत्तर हुतं. मी त्याला कोंडीत धरला, आणि त्यानं मला सोडवलं. त्याचा खेळ गेला."

"आबा, नका बोलू. धैर्या येतोय. त्याच्याशी बोला."

"त्याला न्हाई विचारणार मी आता. परत न्हाई." त्यांनी चादरीखालचा हात हळूहळू ओढत पाठीखाली घेतला. मूठ आवळलेली. आता आबा विचारणार, मला कळलं. आवाज मात्र तोच, ना चढा ना उतरलेला. "तू रेषेवर बसली हुतीस. खरं बोल. बॉल आत हुता का?"

पोरं बाहेर ओरडत होती. मला नव्हता म्हणायचं होतं. इतकी वर्षं ओठावर येऊन थांबलेलं ते. धैर्यानं गोल खाल्ला नव्हता, आबा, त्यानं तो अडवला होता, आणि तुम्ही बघितलेली ती एकच मॅच त्याच्या आयुष्यातली सगळ्यात भारी मॅच होती. पण मी ते म्हणाले असते तर हा माणूस, पोराचा खेळ आपण घालवला याची खात्री उराशी घेऊन गेला असता. आतापर्यंत निदान संशय तरी होता.

हाताकडं बघायचं नाही, एवढं मला त्यांनीच आत्ता सांगितलं होतं. मी त्यांच्या डोळ्याला डोळा दिला.

"हुता, आबा. आत हुता. मी बघितला."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्या दिवशी धैर्याकडं बघितलं होतं तेवढाच वेळ. मग पाठीखालचा हात त्यांनी सोडवून घेतला, कष्टानं वर उचलला आणि लांब करून समोर दाखवला, भिंतीकडं, कपाटाकडं, कुठं का असेना. हात सरळ होता. मग तो खाली आला.

धैर्या पोचायच्या तासभर आधी आबा गेले.

तो आला तो चप्पल घालूनच आत शिरला. आबांच्या पायाला हात लावला, तोंडावरून हात फिरवला, आणि मला विचारलं, "माझ्याबद्दल काय विचारलं का गं त्यांनी?"

"न्हाई. मला विचारलं."

"काय?"

"बॉल आत हुता का म्हणून."

धैर्याचं तोंड पांढरं पडलं. "आणि तू?"

"आत हुता म्हणाले."

"मग? काय म्हणाले आबा?"

"काय म्हणणार," मी म्हणाले. "गोल दिला."

तो पलंगाशेजारी खाली बसला. आबांचा तो उजवा हात त्यानं दोन्ही हातांत घेतला, छातीशी धरला, आणि लोक आत येईपर्यंत सोडला नाही.